पट्टी बांधणारा आमचा वर्गमित्र

आपल्या शाळेचा जो विद्यार्थी १९९९ साली कारगिलच्या युद्धात कामी आला, त्याच्याबद्दल दर १५ ऑगस्टला ‘शत्रूशी लढता लढता’ असं भाषणात येतं. तो आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट होता, पायदळाच्या पलटणीसोबत वर गेलेला. जखमीला पट्टी बांधताना गेला. नाव फलकावर आहेच. मीही त्याच खात्यात नोकरी केली, म्हणून इथे कामाचंच लिहितो.

पट्टी प्रत्येक जवानाच्या ठरलेल्या खिशात असते. जखमीला त्याचीच पट्टी वापरायची, आपली नाही. नाहीतर तिसऱ्या माणसापर्यंत पोचेस्तोवर आपली पिशवी रिकामी. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांधा सोडून, टूर्निके म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा आवळायचा. इथे नवखा माणूस कचरतो. टूर्निके अर्धवट आवळला तर शिरा दबतात, पण धमनी चालूच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. रक्त थांबेपर्यंत पिळायचं, कपाळावर ‘टी’ आणि वेळ लिहायची. वरून ब्लँकेट टाकून टूर्निके झाकायचा नाही; खाली डॉक्टरला दिसला पाहिजे.

मॉर्फिनचा, म्हणजे दुखणं थांबवायच्या इंजेक्शनचा, घोळ थंडीत होतो. मे महिन्यात आपलं जळगाव ४५ अंशांवर भाजत असतं, तेव्हा कारगिलकडच्या द्रास-बटालिकच्या शिखरांवर रात्री पारा शून्याखाली जातो. रक्त गेलेल्या, गारठलेल्या माणसाच्या दंडात दिलेलं इंजेक्शन तिथेच पडून राहतं. दुखणं थांबत नाही म्हणून कोणी दुसरं देतं. मग खाली आणून ऊब मिळाली की दोन्ही एकदम रक्तात उतरतात आणि श्वास बंद पडतो. म्हणून कपाळावर ‘एम’ आणि वेळ. सलाईनची बाटली तर कोटाच्या आत, पोटाशी. नळी तरीही गोठते, हा भाग वेगळा.

एका स्ट्रेचरला अशा उतारावर चार माणसं पुरत नाहीत, आलटूनपालटून आठ लागतात, आणि वाट काही तासांची. जिनिव्हा कराराने वैद्यकीय सैनिकाला संरक्षण दिलंय खरं, पण तोफगोळ्याचे स्प्लिंटर दंडावरचा रेडक्रॉस बघून वळत नाहीत.

रीफ नॉट, म्हणजे पट्टीची न सरकणारी गाठ, आमचा वर्गमित्र इथेच शाळेत, स्काउटच्या तासाला शिकला: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने घातलं की गाठ सरकते. बांधून झाल्यावर नख दाबून सोडायचं, दोन सेकंदांत रंग परतला तर पट्टी ठीक. गारठलेल्या बोटांवर ही परीक्षा फसते, तिथे हातमोजा काढून नाडीच बघावी लागते.

शाळेच्या महोत्सवाच्या निधीतून आणखी एक संगमरवरी पाटी बसवायचं घाटतंय म्हणे. त्यापेक्षा मांजरपाटाचा तागा घ्या. एक मीटर चौरस तुकडा कर्णावर कापला की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. नववीच्या प्रत्येक पोरापोरीला एकेक द्या आणि स्काउटचा तास पुन्हा वेळापत्रकात घाला.