तुम्ही विचारलंत म्हणून : आठवीतलं हुशार पोर आणि वर्षाचे १२,००० रुपये

"पोरगी वर्गात पहिली आहे, घरची परिस्थिती मात्र बेताची. तिला सरकारकडून काही मिळतं का?" पालक हे विचारतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी आणि बाई तेच वेगळ्या शब्दांत विचारतात : "मुलं हुशार आहेत, आम्ही जादा तास घेतो, पण याला कुठून आधार मिळेल का?" मुलगी आठवीत असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी एनएमएमएस ही आठवीतली शिष्यवृत्ती परीक्षा, बाकीचं नंतर.

आधी दोन नावं यादीतून काढून टाका. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, म्हणजे एनटीएस, २०२१ पासून स्थगित आहे. अकरावीपासून पुढच्या मुलांसाठी असलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, म्हणजे केव्हीपीवायही २०२२ मध्ये केंद्राच्या 'इन्स्पायर' या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन झाली. तरी या दोन्ही परीक्षांची मार्गदर्शकं दुकानात मिळतात आणि क्लासवाले त्यांच्या नावाने फी घेतात. या तयारीतून मुलाची बुद्धी तल्लख होईलही, पण शिष्यवृत्ती मिळणार नाही.

एनएमएमएसचं कागदोपत्री नाव राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना. केंद्र सरकारने ती २००८ मध्ये सुरू केली. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या मुलांना ती मिळते, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातल्या ११,६८२ येतात. नववी ते बारावी अशी चार वर्षं, दरवर्षी १२,००० रुपये. म्हणजे एका मुलाला एकूण ४८,०००. गावातल्या मुलीच्या एसटीच्या पासाचा, पुस्तकांचा आणि तालुक्याच्या कॉलेजच्या फीचा भार एवढ्या पैशांत बराचसा उचलला जातो, आणि "दहावीनंतर बघू" म्हणणारं घर तिला पुढे शिकवायला तयार होतं. म्हणूनच एकही पात्र मूल यातून सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

पात्रता साधी आहे. मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकत असावं. सातवीला किमान ५५ टक्के असावेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं. केंद्रीय विद्यालय, नवोदय, शासकीय निवासी शाळा आणि विनाअनुदानित शाळांतल्या मुलांना ही योजना लागू नाही. उत्पन्नाची मर्यादा पूर्वी दीड लाख होती. तो जुना आकडा डोक्यात ठेवून काही शाळा आजही पात्र मुलांना परत पाठवतात, हे ऐकलं की जीव तुटतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत छोटा दुकानदार, रिक्षाचालक, बागायत नसलेला शेतकरी, सगळे येतात.

पालकाला स्वतःहून अर्ज करता येत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर शाळेच्या लॉगिनमधूनच तो भरला जातो, साधारण दिवाळीच्या मागेपुढे. परीक्षा बहुतेक वेळा डिसेंबरात होते. म्हणून पालकांनी जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटून दोन गोष्टी विचाराव्यात : शाळा यंदा मुलं बसवणार आहे का, आणि फॉर्म कोण भरणार आहे? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच काढून ठेवावा. शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग असते आणि सर्व्हर बंद पडतो.

परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा : संख्यामालिका, समसंबंध, वर्गीकरण, लपलेल्या आकृत्या. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावरचा. त्यात विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न. तयारी बहुतेकदा इथेच चुकते. हुशार मूल म्हणजे गणित, असं धरून जादा तासांचा मोठा भाग गणितात जातो. प्रत्यक्षात इतिहास आणि भूगोल मिळून गणितापेक्षा जास्त गुणांचे आहेत, आणि ते गुण पाठ्यपुस्तक नीट वाचून मिळतात. स्वाध्याय सोडवून भागत नाही. चौकटीतला मजकूर, नकाशाखालची ओळ, 'माहीत आहे का तुम्हाला' हे सगळं वाचावं लागतं. बुद्धिमत्तेच्या पेपरात मुलं अडतात ती वेळेवर. मिनिटाला एक प्रश्न या गतीत एका आकृतीवर चार मिनिटं घालवली की शेवटचे दहा-बारा प्रश्न कोरे राहतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही वर्तुळ रिकामं ठेवायचं कारण नाही. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेली वर्तुळं भरायची सवय सरावातच लावून घ्यावी.

याच मुलांनी राज्य शिष्यवृत्तीची परीक्षाही दिलेली असते. ती आठवीला होती तेव्हा तिच्यात काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि दोन्ही रंगवावे लागत. एनएमएमएसला एकच पर्याय रंगवायचा. हा फरक मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर हातची उत्तरं बाद होतात. (राज्य शिष्यवृत्ती २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती. ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला, त्यामुळे धाकट्या भावंडांसाठी वर्ग नीट पाहून ठेवा.)

निकालानंतर हमखास वाद होतो. "आमच्या मुलाला जास्त गुण, तरी शेजारच्या जिल्ह्यातल्याचं नाव लागलं, हे कसं?" दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण, ही फक्त पात्रतेची रेषा आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांसाठी ती ३२ टक्क्यांवर आहे. त्यापुढे निवड होते ती जिल्हानिहाय कोट्यातून आणि आरक्षणाच्या प्रवर्गातून, म्हणून प्रत्येक जिल्ह्याची रेषा वेगळी लागते. फॉर्ममध्ये प्रवर्ग चुकला तर मूल चुकीच्या रांगेत उभं राहतं. परिषद निकालाआधी किंवा अंतरिम निकालानंतर दुरुस्तीसाठी मुदत देते. ती शाळेच्या लॉगिनवर दिसते, पालकाच्या मोबाइलवर येत नाही. मुख्याध्यापकांनी तेवढे दिवस रोज लॉगिन उघडावं.

पण निवड यादीत नाव आलं म्हणजे पैसे आले असं नाही. माझं सगळ्यात कळकळीचं म्हणणं याच टप्प्याबद्दल आहे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचं दुःख समजू शकतं. निवड होऊनही ज्याच्या खात्यात रुपया आला नाही, त्याच्यावर मात्र अन्याय झालेला असतो, आणि तो बहुधा कुणी मुद्दाम केलेला नसतो.

नववीत गेल्यावर त्या मुलाला राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, नव्याने अर्ज करावा लागतो. आधी एकदाच करायची नोंदणी, ओटीआर. तिचा क्रमांक मिळाला की अर्ज. तो शाळेचा नोडल अधिकारी तपासतो आणि मग जिल्ह्याचा. दोन्ही तपासण्या मुदतीत झाल्या तरच अर्ज पुढे जातो. यातली पहिली अडचण म्हणजे आठवीची शाळा वेगळी आणि नववीची वेगळी. जिल्हा परिषदेच्या शाळेने परीक्षेला बसवलं, मूल हायस्कुलात गेलं. हायस्कूलला वाटतं ही जुन्या शाळेची मुलगी, जुन्या शाळेला वाटतं आता हायस्कूल बघेल. नववीतला हा पहिला अर्ज राहिला तर पुढची चारही वर्षं जातात. म्हणून आठवीच्या गुरुजींनी निवड यादीची प्रत शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबतच हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या हातात द्यावी आणि पोच घ्यावी.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरला 'ज्ञानेश्वरी', आधारला 'दन्यानेश्वरी', बँकेत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. परीक्षेचा फॉर्म, आधार आणि बँक खातं या तीन ठिकाणी नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग अक्षरन्‌ अक्षर सारखं हवं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ते काम आठवीच्या पहिल्या सत्रातच उरकावं. त्यातच मूल पंधरा वर्षांचं झालं की आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते. हे वय नेमकं नववी-दहावीत येतं. ते अद्ययावत केलं नाही तर पोर्टलवर पडताळणी अडकते. पंधरा ते सतरा या वयात हे काम मोफत होतं.

तिसरी गोष्ट बँकेची, आणि हिचा गोंधळ सगळ्यात मोठा. पैसे आता आधारवरून जमा होतात. मुलाचं आधार ज्या बँक खात्याला शेवटचं जोडलं गेलं, त्याच खात्यात ते जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. पोस्टात कधीतरी कुणीतरी मुलाचं एक खातं उघडून दिलेलं असतं आणि आधार तिथे जोडलेलं राहतं. पालक दोन वर्षं दुसऱ्याच बँकेचं पासबुक भरून आणतात आणि म्हणतात, पैसे आलेच नाहीत. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की खरं खातं कोणतं ते लगेच कळतं. खातं मुलाच्या नावाचं आणि मुलाच्याच आधारचं हवं. वडिलांचं आधार जोडलेलं संयुक्त खातं इथे कामाचं नाही.

पुढे दरवर्षी नूतनीकरण करायचं. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवं, आणि अकरावीला शिष्यवृत्ती चालू राहायची तर दहावीला ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५५. दहावीनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला किंवा आयटीआयला गेलं तर ही शिष्यवृत्ती थांबते. विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात गेलं तरीही. अकरावीचा प्रवेश घेताना एवढं आवर्जून विचारा : तुकडी अनुदानित आहे का? मुलाची ओढ डिप्लोमाकडेच असेल तर त्याला खुशाल जाऊ द्या, दोन वर्षांच्या २४,००० रुपयांसाठी दिशा बदलू नका. फक्त पैसे बंद होणार हे आधी माहीत असू द्या.

परीक्षेत पात्र ठरलं पण निवड यादीत आलं नाही, असं मूल मराठा, कुणबी, कुणबी-मराठा किंवा मराठा-कुणबी असेल तर पुण्याच्या सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ९,६०० रुपये, नववी ते बारावी. "नंबर लागला नाही" म्हणून गुणपत्रक फेकून देऊ नका, ते इथे लागतं.

गोव्यात किंवा बेळगाव भागात राहणाऱ्यांसाठी : योजना केंद्राचीच आहे, मुलं आणि शाळा याच अटींत बसायला हव्यात. परीक्षा मात्र त्या त्या राज्याची यंत्रणा घेते, त्यामुळे तारखा आणि कोटा तिथला.

परीक्षेत न चमकणारं, पण हाताने सतत काहीतरी जुळवत बसणारं मूल असेल तर 'इन्स्पायर-मानक'. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून ते चालवतात. सहावी ते दहावी, आणि आता बारावीपर्यंतच्या मुलांच्या पाच कल्पना शाळेने पाठवायच्या. निवड झालेल्या मुलाच्या खात्यात प्रतिकृती बनवण्यासाठी १०,००० रुपये येतात. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय प्रदर्शन. इथे बाद होण्याचं मुख्य कारण उसनी कल्पना. अंधांसाठी सेन्सरची काठी, पाऊस आला की आपोआप आत जाणारे कपडे, हे परीक्षकांनी शेकडो वेळा पाहिलेलं असतं. आईला भुईमुगाच्या शेंगा फोडताना काय त्रास होतो, विहिरीवरची मोटर कशामुळे जळते, असा घरातला प्रश्न घेतलेली साधी प्रतिकृती त्यांच्यापुढे उठून दिसते. आलेल्या पैशांतून तयार मॉडेल विकत आणलं तर परीक्षकांच्या दुसऱ्या प्रश्नालाच ते उघडं पडतं.

आता शिक्षकांचं. बुद्धिमान मुलांना शिकवण्यासाठी शिक्षकाला थेट अनुदान मिळेल अशी, एनएमएमएसच्या तोडीची योजना नाही, आणि ती असायला हवी असं मी ठामपणे म्हणेन. सरावपत्रिकांच्या झेरॉक्सचा खर्च आज अनेक शिक्षक खिशातून करतात. जिल्हा परिषद शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटानुसार संमिश्र अनुदान मिळतं, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये. पण त्यातच वीजबिल, खडू आणि स्वच्छता बसवायची असते. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून ग्रामपंचायतीकडे सरावसंचांची लेखी मागणी करणं हा त्यातल्या त्यात चालणारा मार्ग. मागणीत मुलांची संख्या, पानांची संख्या आणि दर लिहा. "शैक्षणिक साहित्यासाठी मदत" असं मोघम लिहिलेलं पत्र फाइलीतच राहतं.

पुरस्कारांत राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा असतो. किमान दहा वर्षांची नियमित सेवा लागते, आणि खाजगी शिकवण्या घेणारे अपात्र ठरतात. ५०,००० रुपये, रौप्यपदक आणि प्रशस्तिपत्र. मूल्यांकनात १०० पैकी ९० गुण प्रत्यक्ष कामगिरीला आहेत, म्हणून पुरावे वर्षानुवर्षं जपून ठेवावे लागतात.

त्याआधीची पायरी म्हणून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा मला जास्त जवळची वाटते. एनएमएमएसचा जादा वर्ग हाच नवोपक्रम म्हणून लिहिता येतो. जूनमध्ये घेतलेल्या पहिल्या चाचणीचे गुण जपून ठेवा, कारण सुरुवातीची स्थिती दाखवल्याशिवाय प्रगती सिद्ध होत नाही, आणि बहुतेक अहवाल इथेच कच्चे पडतात. दर महिन्याची एक चाचणी, कोणत्या घटकात मुलं अडली, त्यावर काय बदल केला, हे तारखेनिशी लिहा. दीपप्रज्वलनाचे फोटो नकोत. मुलाने सोडवलेल्या पेपरची दोन पानं जोडा, एक जूनचं आणि एक नोव्हेंबरचं.