धनेशाच्या पायातलं लेबल

सरकारी कचेरीत सहा फेऱ्या झाल्या, त्यातल्या पाच एका गावाच्या नावासाठी. राग अजून उतरलेला नाही.

इथं कर्नाटकात आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जुन्या शिसवी कपाटात पक्ष्यांचे अकरा सांगाडे आहेत. सांगाडे तसे कमीच सापडतात. पूर्वी पक्षी टिपला की कातडं सोलून त्यात कापूस भरायचे, आतलं धड फेकून द्यायचे. ब्रिटिश काळातला पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम, त्याचा ८० हजारांवर नमुन्यांचा संग्रह १८८५ मध्ये लंडनला गेला, त्यातही भर कातड्यांचा आणि अंड्यांचाच. म्हणून आमच्या अकरांचा मला भारी अभिमान.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून यादी देऊन दाखला घ्यायचं ठरलं. फोटो, मापं, कन्नड अर्ज, सगळं दोन दिवसांत उरकलं.

अडलं धनेशाच्या (हॉर्नबिल) सांगाड्यापाशी. त्याच्या पायाच्या हाडाला दोऱ्यानं बांधलेलं लेबल आहे, शाई तपकिरी पडलेली: ‘खानापूर, जिल्हा बेलगाम, मुंबई इलाखा, १९३१’. यादीत मी तेच उतरवलं.

क्लार्क म्हणाले, “सर, हेसरु तप्पु (नाव चुकलंय). बेळगावी, कर्नाटक करा.”

“१९३१ साली कर्नाटक कुठं होतं ओ?”

“मग लेबलच बदला की.”

इथं माझं डोकं फिरलं. जागा आणि तारीख गेली की उरतं नुसतं हाड. जुनं लेबल कधीही काढू नये, खोडू नये. नवीन माहिती वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून शेजारी बांधावी. हे मी आवाज चढवून सांगितलं, ती चूकच झाली. मग ‘नाळे बन्नी’, म्हणजे ‘उद्या या’, सुरू. एकदा साहेब मीटिंगला, एकदा शिक्का कुलपात. एकदा शेजारच्या टेबलावरून, “तुम्ही समितीचे काय?” म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या एकीकरण समितीचे. धनेशानं काय पाप केलं होतं!

हो, एक राहिलं: यादी होईपर्यंत हाडं धुऊ नका. ब्लीचिंग तर कधीच नको, हाड भुसभुशीत होतं.

सहाव्या फेरीला अर्ज पुन्हा नीट वाचला. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं, ‘षरा’. अहो, आपला शेराच की! तिथं लिहिलं: ‘१९५६ पूर्वी मुंबई राज्यात. २०१४ पासून जिल्ह्याचं नाव बेळगावी.’ क्लार्कनी वाचलं, मान हलवली. मग धनेशाचा फोटो जवळ ओढून विचारलं, “एवढी मोठी चोच, मान मोडत नाही?”

मानेचे पहिले दोन मणके एकमेकांत जुळलेले असतात, ते बोट ठेवून दाखवलं. त्यांनी शिपायालाही बोलावून दाखवलं. मग शिक्का उचलला आणि मारला तो नेमका चोचीवर.