सतरा नंबरचा फॉर्म आणि भास्कराचार्यांची माकडं

लग्नामुळे राहिलेली दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून द्यायची ठरवली, तेव्हा मराठी-इतिहासाची काळजी नव्हती. गाडं अडलं ते बीजगणिताच्या दुसऱ्या प्रकरणात, वर्गसमीकरणांत. पुस्तक लेकीचंच, ती अकरावीला गेल्यावर माझ्याकडे आलेलं. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातून घरी आलं, जेवणखाण आटपलं की वही घेऊन पडवीत बसायचं. बोटांवरचा काजूतेलाचा काळा डाग पानांनाही लागायचा.

पुस्तकात पहिली रीत अवयव पाडण्याची. क्ष² + ८क्ष + १५ = ० असेल तर गुणाकार १५ आणि बेरीज ८ येईल अशा दोन संख्या शोधा: ३ आणि ५. मग क्ष = −३ किंवा −५. पाढे पाठ असले की झटकन होतं. पण क्ष² + ४क्ष − ७ = ० आलं की बसा डोकं खाजवत. अशा पूर्ण संख्या नाहीतच, हे शोधणाऱ्याला कळणार कधी? माझं स्पष्ट मत आहे की मोठेपणी शिकणाऱ्याने अवयव बाजूला ठेवून आधी पूर्ण वर्ग शिकावा.

तो मला कळला अंगणातल्या लादीवर. लेकीने खडूने एक चौकोन काढला, बाजू क्ष. समीकरण होतं क्ष² + १०क्ष = ३९. "आता ह्या १०क्षचे दोन भाग कर," म्हणाली. पाच-पाच रुंदीच्या दोन पट्ट्या, एक चौकोनाच्या उजवीकडे, एक खाली. कोपऱ्यात खाच राहिली, पाच बाय पाचची. ती भरली की मोठा चौकोन पुरा होतो. खाचेचं क्षेत्रफळ २५, म्हणून पलीकडेही २५ मिळवायचे: ३९ + २५ = ६४. चौसष्टचा चौकोन म्हणजे बाजू ८, त्यातले ५ गेले, क्ष = ३. निम्मा सहगुणक (क्षला गुणणारा आकडा, इथे १०) घ्या, त्याचा वर्ग दोन्हीकडे मिळवा, हे पुस्तकातलं वाक्य मी कितीदा वाचलं असेल. निम्मा कशाला, ते त्या दोन पट्ट्यांनी सांगितलं. हेच उदाहरण नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने असंच चौकोन काढून सोडवलंय. दुसरं उत्तर −१३ मात्र लादीवर दिसत नाही. ते मिळतं (क्ष + ५)² = ६४ वरून, कारण ८ चा वर्ग ६४ तसा −८ चाही.

मग शाब्दिक उदाहरणं. होडी प्रवाहाबरोबर १२ किमी गेली, तेवढीच उलटी आली, एकूण ५ तास लागले, प्रवाहाचा वेग ताशी १ किमी, तर होडीचा वेग किती? माझं माहेर खाडीकाठचं. भावाला वाचून दाखवलं तर तो हसायलाच लागला, "पाच तास एकाच वेगाची ओहोटी खंय बघलंस गो?" खरंच आहे त्याचं, पाणी तासातासाला बदलतं आणि साधारण सहा तासांनी फिरतंच. पण गणितात पाणी शहाण्यासारखं वागतं असं धरायचं.

वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून १२/(क्ष + १) + १२/(क्ष − १) = ५. छेद काढले की ५क्ष² − २४क्ष − ५ = ०. इथे पुस्तकाच्या रीतीने आधी ५ ने भागलं की २४/५, त्याचं निम्मं १२/५, त्याचा वर्ग १४४/२५... अपूर्णांकांचा नुसता चिखल. त्यावर जुन्या काळचे भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची तोड आहे. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज मिळत नाही, पण भास्कराचार्यांनी हा नियम उद्धृत केला म्हणून तो टिकला. भागायचं नाही, उलट वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं. इथे २० ने:

१००क्ष² − ४८०क्ष = १००

दोन्हीकडे २४ चा वर्ग, म्हणजे ५७६ मिळवले की (१०क्ष − २४)² = ६७६. ६७६ हा २६ चा वर्ग. म्हणून १०क्ष = २४ ± २६, आणि क्ष = ५ किंवा −०.२. वेग ऋण नसतो, उत्तर ताशी ५ किमी. ताळा करा: जाताना २ तास, येताना ३. आकड्यांच्या जागी अ, ब, क घालून हेच केलं की ब² − ४अक वालं सूत्र हातात पडतं. त्यानंतर मला ते पाठ करावं लागलं नाही.

ऋण उत्तर आलं की खोडायचं, दुसरं ठेवायचं, अशी सवय लागत होती. ती माकडांनी मोडली. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'बीजगणित' ग्रंथातलं उदाहरण: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतात, उरलेली १२ टेकडीवर आहेत, तर एकूण किती? (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजेच क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. उत्तरं ४८ आणि १६. दोन्ही धन, आणि दोन्ही बरोबर! ४८ असतील तर रानात ३६, १६ असतील तर ४.

त्याच ग्रंथात दुसरा कळप आहे. पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी गुहेत शिरली, एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५, पुन्हा दोन्ही धन. तरी ५ चालत नाही, कारण पाचचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२. "माकडां काय वजा दोन आसतत?" लेक म्हणाली. याच कारणाने भास्कराचार्यही ५ नाकारतात. म्हणजे चिन्ह बघून भागत नाही, उत्तर मूळ उदाहरणात परत घालून बघावंच लागतं. परीक्षेत मी प्रत्येक शाब्दिक उदाहरणाखाली, कुठलं उत्तर का सोडलं याची एक ओळ लिहिली.

बीजगणित सुटलं. भूमितीने चांगलाच घाम काढला, पण ते पुन्हा कधीतरी.