केस जिंकली, पण कायदा तसाच राहिला तर?

महिला वकिलांच्या संघटनेचं नाव काढलं की बऱ्याच जणांना ८ मार्चचा कार्यक्रम, शाल-श्रीफळ आणि ग्रुप फोटो एवढंच आठवतं. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण ह्या बायकांनी काय काय करून ठेवलंय ते फारसं कोणी सांगतच नाही.

इथिओपियाचं बघा. तिथे मेआझा अशेनाफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये महिला वकिलांची संघटना उभी केली. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे १४ वर्षांच्या एका मुलीची केस आली, शाळेतून घरी जाताना घोड्यांवरून आलेल्या पुरुषांनी तिला उचलून नेलं, बलात्कार झाला, आणि पळून जाताना तिने बलात्कार करणाऱ्या माणसाच्याच बंदुकीने त्याला गोळी घातली. खटला उभा राहिला तो तिच्यावर, खुनाचा! आणि तेव्हाचा कायदा काय, तर पळवून नेलेल्या मुलीशी लग्न केलं की पळवणारा सुटला. संघटनेने वकीलपत्र घेतलं, कोर्टाने स्वसंरक्षण मान्य करून मुलीला सोडलं.

एकटा वकील असता तर इथे फाइल बंद झाली असती. पण संघटनेकडे फुकट सल्ल्यासाठी रोज बायका यायच्या, त्यामुळे कायद्यातलं नेमकं कोणतं कलम बायकांना अडवतंय हे त्यांना समोर दिसत होतं आणि त्या ते बदलून घ्यायच्या मागेच लागल्या. २००० च्या कौटुंबिक कायद्यात मुलींचं लग्नाचं वय १५ वरून १८ झालं, नवराच कुटुंबप्रमुख हे कलम गेलं, आणि २००५ मध्ये ती लग्न करून सुटायची पळवाटही बंद झाली.

युगांडातही तसंच. घटस्फोटासाठी नवऱ्याला फक्त बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं अजून काहीतरी दाखवावं लागायचं. तिथल्या महिला वकील संघटनेनेच याचिका केली आणि २००४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने हा भेदभाव रद्द ठरवला.

अर्थात सरकारांना हे रुचतंच असं नाही. २००९ च्या इथिओपियन कायद्याने हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांना परदेशी पैसा त्यांच्या एकूण निधीच्या १० टक्क्यांवर आणून ठेवला, फुकट सल्ला चालणार कशावर मग? ती मर्यादा निघायला २०१९ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी मेआझा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या होत्या.