इथे कण्हेरीला पाणी घालतात

दक्षिण फ्रान्स म्हटलं की पुण्यातल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर लव्हेंडरची शेतं येतात. मोंपेलिएत राहायचं तर रोज नजरेला पडतं ते मात्र वेगळंच झुडूप: कण्हेर! मे महिन्यात ती फुलायला लागते आणि ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही. बंगल्यांची कुंपणं, पार्किंगच्या कडा, हायवेचा मधला पट्टा, जिकडेतिकडे गुलाबी, पांढरी, लाल, शिवाय आपल्याकडे क्वचितच दिसणारी फिकट केशरी.

कुंडीतल्या कण्हेरीला मी उन्हाळ्यात रोज पाणी घालते म्हटल्यावर आई फोनवर हसलीच. "कण्हेरीला कसलं गं पाणी? आपल्या सोसायटीतली बघ, कोणी ढुंकून बघत नाही तिच्याकडे." (सकाळी फिरायला निघालेले काका-काकू गणपतीसाठी फुलं खुडून नेतात तेवढ्यापुरते बघतात.)

कॉलेजात बॉटनी घेतलेल्यांना कण्हेरीच्या पानाचा छेद आठवत असेल. पानाच्या खालच्या बाजूला बारीक खड्डे, खड्ड्यांत केसांचं जाळं आणि त्याच्या आड दडलेली पर्णरंध्रं, म्हणजे पानाची सूक्ष्म छिद्रं. कोरड्या हवेत पाणी उडून जाऊ नये म्हणून ही सोय. जर्नलमध्ये आकृती काढली, 'रुक्ष प्रदेशातील वनस्पती' असं लिहिलं, विषय संपला. पण भूमध्य समुद्राच्या आसपास ही रानात कुठे वाढते, तर उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्या-नद्यांच्या पात्रात. वर नुसते गोटे दिसतात, पण खाली ओल असते आणि मुळं तिथवर पोचलेली असतात. म्हणजे पान काटकसरी असलं तरी मूळ चांगलंच पाणी पिणारं.

इथला वर्षाचा पाऊस पुण्याच्या फार मागे नाही. फक्त तो पडतो शरद ऋतूत आणि थंडीत. जुलै ठणठणीत कोरडा. 2019 च्या जूनमध्ये जवळच्या वेरार्ग गावात पारा 46 अंशांवर गेला होता आणि या भागातल्या द्राक्षवेली करपल्या होत्या. अशा दिवसांत जमिनीतली जुनी कण्हेर आपलं आपण निभावते, कुंडीतली नाही. तिच्या मुळांना खाली कुठे जायला जागाच नसते. म्हणून इथे उन्हाळ्यात कुंडीखाली बशी ठेवून त्यात पाणी साचू देतात. दुसऱ्या कुठल्या झाडाला असं केलं तर मुळं कुजतील, हिला चालतं. थंडीत मात्र बशी काढायची.

पुण्यात नेमकं वाढीच्या दिवसांतच आभाळातून पाणी मिळतं, म्हणून तिचे लाड करायची वेळच येत नाही. तरी गच्चीवर कुंडीत असेल तर एप्रिल-मे महिन्यांत हात आखडता घेऊ नका. ऊन भरपूर हवं. सावलीत पानं वाढतात, फुलं रुसतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) हमखास येतो. औषध कशाला, नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराचसा धुऊन जातो. फुलं सुकली तरी आख्खा घोस कापायची घाई नको, कारण त्याच देठावर पुन्हा कळ्या धरतात. छाटणी इथे थंडी ओसरता ओसरता करतात. माझं मत विचाराल तर एकेरी फुलांची जातच घ्या. दुहेरी दिसते देखणी, पण तिची वाळलेली फुलं गळायचं नाव घेत नाहीत आणि झुडूप कळकट दिसायला लागतं.

विषाचं काय, हा प्रश्न येणारच. पान, फूल, खोड, मूळ, सगळंच विषारी, आणि ते विष थेट हृदयावर परिणाम करतं. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्रं असेल तर सरळ दुसरं काहीतरी लावा. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, मूळची अमेरिकेकडची, वेगळ्याच वंशातली. पण विषाच्या बाबतीत तीही कमी नाही. छाटताना हातमोजे घालायचे. छाटलेल्या फांद्या जाळायच्या नाहीत, कारण धूरही बाधतो. इथे त्या गाडीत भरून नगरपालिकेच्या केंद्रावर नेऊन द्याव्या लागतात. सोसायटीच्या कोपऱ्यात पालापाचोळा पेटवायची ज्यांना हौस आहे, त्यांना हे आधी ऐकवा.