व्हिएतनामला हातखर्चाला किती न्यावेत?

व्हिएतनामहून आल्यापासून ओळखीतले निम्मे लोक एकच विचारतात, "हातखर्चाला किती लागले गं?" विमान, हॉटेल आणि २५ डॉलरचा ई-व्हिसा यांचे पैसे इथूनच भरून झालेले असतात. प्रश्न उरतो तो तिथे रोज खिशातून जाणाऱ्या पैशांचा. माझं उत्तर ठरलेलं आहे : माणशी दिवसाला सहा-सात लाख डोंग. समोरच्याचे डोळे पांढरे होतात. अहो, एक लाख डोंग म्हणजे आपले तीनशे तीस-चाळीस रुपये!

हिशेबाची युक्ती आमच्या सासूबाईंची. किमतीतले हजार सोडून द्यायचे, उरेल त्याची तिप्पट करायची आणि वर तिचा दहावा हिस्सा धरायचा. पन्नास हजारांची कॉफी? पन्नास त्रिक दीडशे, वर पंधरा. "एकशे पासष्ट रुपयांची कॉफी!" हे त्या हनोईच्या जुन्या पेठेत भर रस्त्यात मोठ्याने म्हणायच्या. तिथली माणसंही बोलताना हजार गाळूनच टाकतात.

आपल्याकडे डोंग सहसा मिळत नाहीत, डॉलर घेऊन जावे लागतात. घ्यायचे तर शंभराच्या नोटा घ्या, सुट्या डॉलरला भाव कमी मिळतो. आणि नोटा कोऱ्या हव्यात, त्याही अगदी कोऱ्या. हनोईतल्या बँकेतल्या मुलीने आमची एकेक नोट उजेडात धरली, कडांवरून बोट फिरवलं, उलटून पाहिली आणि एक नोट अलगद आमच्याकडे परत सरकवली. कोपऱ्यात निळ्या शाईचा इवलासा शिक्का होता. इथल्या मनी चेंजरने तीच नोट बिनबोभाट आमच्या गळ्यात मारली होती. त्यामुळे नोटा ताब्यात घेतानाच काउंटरवर तपासा आणि डाग दिसला की तिथल्या तिथे बदलून मागा.

सोन्याच्या दुकानात डॉलरला भाव जास्त मिळतो असं सगळे सांगतात. मिळतोही. पण परवाना नसलेल्या दुकानात डॉलर बदलणं तिथे बेकायदेशीर आहे. २०१८ मध्ये कान थो शहरात एका इलेक्ट्रिशियनने अशा दुकानात फक्त १०० डॉलर बदलले, तर त्याला ९ कोटी डोंग दंड ठोठावला होता. चार रुपयांच्या फायद्यासाठी कोण ही आफत ओढवून घेणार? आम्ही बँकेतच गेलो.

सगळं रोख नेऊ नका, पण नुसत्या कार्डाच्या भरवशावरही जाऊ नका. बहुतेक फॉरेक्स कार्डांवर, म्हणजे आधी परकी चलन भरून न्यायच्या कार्डांवर, डोंग भरता येत नाहीत. डॉलर भरायचे, मग ते डोंगमध्ये वळताना पुन्हा कात्री. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर तीन-साडेतीन टक्के आणि वर जीएसटी. एटीएम "रुपयांत वळवून देऊ का?" असं लाडात विचारतं, तेव्हा ठामपणे नाही म्हणायचं, कारण त्याचा दर हमखास वाईट असतो. आम्ही माणशी तीनशे डॉलर रोख आणि अडीनडीला एक कार्ड असं नेलं, आठवडाभराला ते पुरलं.

जेवणाला फार लागत नाही. फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून खाल्लेलं 'बान्ह मी', म्हणजे तिथलं पावाचं सँडविच, तीस-चाळीस हजारांत होतं. शाकाहारी मंडळींनी पाटीवर 'चाय' शोधावं. चहाशी त्याचा काही संबंध नाही, ती बौद्ध शाकाहारी खानावळ असते, स्वस्त आणि चविष्ट. पण रोज पोळी-भाजीच हवी असेल तर भारतीय हॉटेलात माणशी दोन-तीन लाख डोंग एका वेळेला धरा. तिथे माझा सहा-सात लाखांचा हिशेब कोलमडतो.

तिकिटांचे पैसे मात्र वेगळे काढून ठेवा. होई आनच्या जुन्या गावाचं तिकीट १,२०,००० डोंग, ते काही नाही. पण दा नांगजवळच्या बा ना हिल्सवर, दगडी वाटणाऱ्या हातांनी तोललेला तो सोनेरी पूल पाहायचा, तर माणशी नऊ लाखांच्या वर जातात. म्हणजे एका दिवसाच्या खर्चापेक्षा जास्त नुसत्या तिकिटाला! फोटो सुंदर येतात, गर्दी आषाढीची असते. मला विचाराल तर होई आनमध्ये संध्याकाळी कंदिलांच्या उजेडात फिरण्यात जास्त सुख आहे.

याच होई आनमध्ये खिसा खरा रिकामा होतो. एका दिवसात अंगाबरोबर कपडे शिवून देणारे शिंपी गल्लोगल्ली आहेत. नवरा "नुसतं बघू" म्हणत आत शिरला आणि सूटचं माप देऊन बाहेर आला. या खर्चाला कुठलंही बजेट पुरत नाही, म्हणून ते पैसे आधीच वेगळ्या पाकिटात ठेवा.

नोटा हाताळताना एक सांभाळा. वीस हजारांची निळी आणि पाच लाखांचीही निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह. दिवेलागणीनंतर फरक कळत नाही. सासूबाईंनी पाच लाखांच्या नोटा चष्म्याच्या घरात ठेवल्या, मिसळायचा प्रश्नच मिटला.

उरलेले डोंग घरी आणून उपयोग नाही, इथे ते घ्यायला कुणी सहजासहजी तयार होत नाही. आम्ही विमानतळावर त्यांचे काजू घेतले, सालासकट भाजलेले, खारवलेले. सासूबाई मालवणच्या. दोन दाणे तोंडात टाकून म्हणाल्या, "भाजलेत बरे, पण साल कशाला ठेवली?"