दोन लिफाफ्यांतलं मत

नागरिकत्वाच्या परीक्षेत मला विचारलेल्या प्रश्नांपैकी एक असा होता: फक्त नागरिकांवरच असते अशी एक जबाबदारी सांगा. मी म्हटलं, मतदान. अधिकाऱ्यानं मान डोलावली. हे फेब्रुवारी २०२० मधलं. तेव्हा दहा प्रश्नांपैकी सहा बरोबर आले की पास व्हायचं, मी पास झाले. शपथविधीची तारीख मिळाली मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. १८ मार्चला कोविडमुळे इमिग्रेशनची सगळी कार्यालयं बंद झाली आणि ती तारीखही गेली.

४ जूनला कार्यालयं पुन्हा उघडली आणि जुलैत मला बोलावणं आलं. घरच्यांना आत परवानगी नव्हती, त्यामुळे नवरा आणि मुलगी गाडीत बसून राहिले. आत सहा-सहा फुटांवर खुर्च्या, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. ग्रीन कार्ड परत घेतलं, उजवा हात वर करून शपथ, आणि पंधरा-वीस मिनिटांत प्रमाणपत्र हातात. बाहेर आले तेव्हा मला रडू आलं. ते थोडं आनंदाचं होतं, थोडं सांगलीचं. १९९९ साली लोकसभा आणि विधानसभा एकदमच होत्या, तेव्हा मी नगरपालिकेच्या शाळेत आईबरोबर रांगेत उभी राहून पहिल्यांदा मत दिलं होतं. आता भारताचा पासपोर्ट परत करायचा होता आणि तो मतदानाचा हक्कही त्याच्याबरोबर गेला. म्हणून इथलं पहिलं मत, नोव्हेंबरमधल्या अध्यक्षीय निवडणुकीतलं, चुकवायचं नाही, हे त्याच दिवशी ठरवलं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, फिलाडेल्फियाच्या उपनगरात. २०१६ मध्ये ट्रम्प हे राज्य अवघ्या ४४,२९२ मतांनी जिंकले होते आणि राज्याची २० इलेक्टोरल मतं (अध्यक्ष शेवटी ज्यांवर ठरतो ती) घेऊन गेले होते. एकेका मताला इथे काय किंमत आहे, ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझं काम एका वृद्धनिवासात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला पुन्हा बटण लावता यावं, चमचा धरता यावा, सही करता यावी, हे माझं काम. मार्चच्या मध्यावर भेटायला येणाऱ्यांना बंदी झाली. मुलं-नातवंडं खिडकीबाहेर बागेत उभी राहून काचेला हात लावायची. एन-९५ मास्क आठवडाभर एकच, कागदी पिशवीत नाव लिहून ठेवायचा. पहिल्या काही महिन्यांत राज्यातल्या कोविडमृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त अशा वृद्धनिवासांमधले होते. आमच्या एका मजल्यावरच्या बिछान्यांवरची नावं एप्रिलमध्ये इतकी बदलली की दारावरच्या पाट्या लावायचं काम त्यांनी काही दिवस थांबवलंच.

हे सगळं आधी सांगते, कारण माझं राजकीय मत तिथेच तयार झालं. ३ एप्रिलला सरकारी आरोग्य यंत्रणेनं सांगितलं की सगळ्यांनी मास्क लावा. त्याच पत्रकार परिषदेत अध्यक्ष ट्रम्प म्हणाले की मी लावणार नाही. त्या एका वाक्यानं मास्क हा पक्षाचा बिल्ला झाला. आमच्या गावातल्या किराणा दुकानात मास्क लावलेल्या बाईला ‘बायडनवाली’, म्हणजे ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या डेमोक्रॅट उमेदवाराची, म्हणून टोमणा मारलेला मी स्वतः ऐकलाय. २२ सप्टेंबरला अमेरिकेतल्या मृतांचा आकडा २ लाखांवर गेला. ऑक्टोबरात अध्यक्षांनाच कोविड झाला, उत्तमातले उत्तम उपचार मिळाले, आणि ५ तारखेला व्हाइट हाउसच्या सज्जात उभं राहून त्यांनी मास्क काढला. कोविडला घाबरू नका, असं त्याच दिवशी लिहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे जे गेले त्यांच्याजवळ शेवटी व्हिडिओ कॉल धरून उभ्या असलेल्या नर्सेस मी पाहिल्या होत्या.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र वेगळंच चाललं होतं. निम्मा ग्रुप म्हणायचा, ट्रम्प म्हणजे मोदींचा मित्र, अहमदाबादच्या स्टेडियममध्ये फेब्रुवारीत केवढी गर्दी होती पाहिली नाही का? दुसरा निम्मा बायडनबरोबर उपाध्यक्षपदाला उभ्या असलेल्या कमला हॅरिसच्या आईचं नाव श्यामला, एवढ्यावरच खूश. मला दोन्ही पटेना. मैत्री आणि नाव यांवर मत द्यायचं असेल तर सांगलीतलं वॉर्डाचं राजकारण काय वाईट होतं? जूनमध्ये एच-वन-बी व्हिसा वर्षअखेरपर्यंत रोखल्याचा आदेश निघाला, तेव्हा याच ग्रुपमधली दोन कुटुंबं भारतात अडकून पडली होती, मुलांच्या शाळा इथे. तरी मैत्रीचे फोटो फिरतच होते. मी एकदा स्पष्ट लिहिलं की मी मत देणार ते साथीत माणसं कशी सांभाळली हे पाहून. त्यावर एका जुन्या स्नेह्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. पंधरा वर्षं त्यांच्याकडे गणपतीला मोदक करायला मी गेलेली आहे. ते अजून खुपतं.

आता मतदानाचं. नोंदणी ऑनलाइन दहा मिनिटांत झाली, ड्रायव्हिंग लायसन्सच्या नंबरावर. फॉर्ममध्ये पक्ष विचारतात, याचं मला नवल वाटलं. पेनसिल्व्हेनियात पक्षाची नोंद असेल तरच त्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, मत देता येतं. मी ‘कोणताही नाही’ वर खूण केली. मग टपाली मतपत्रिकेचा अर्ज. इथे त्याला सगळे नुसतं मेल-इन म्हणतात. कारण न देता टपालानं मत देण्याची सोय या राज्यात २०१९ च्या कायद्यानं झाली, म्हणजे साथ यायच्या आधी काही महिने, आणि तोही दोन्ही पक्षांनी मिळून केलेला कायदा. लोक हे फार लवकर विसरले.

मतपत्रिका मात्र वेळेवर छापल्याच गेल्या नाहीत. ग्रीन पार्टी या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव यादीत ठेवायचं की नाही याचा खटला चालू होता. नाव काढा म्हणून कोर्टात गेलेले लोक डेमोक्रॅटिक बाजूचे होते. मी ज्यांना मत देणार होते त्यांच्याच बाजूचं हे वागणं मला आवडलं नाही. साथीच्या वर्षात एकेक दिवस मोलाचा असताना छपाई अडून राहिली. १७ सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते नाव काढलं आणि त्याच दिवशी आणखी एक निकाल दिला: आतल्या लिफाफ्याशिवाय आलेली मतपत्रिका बाद.

हा आतला लिफाफा नीट समजून घ्यायला हवा. मतपत्रिका आधी एका साध्या लिफाफ्यात घालायची. त्यावर ‘अधिकृत मतपत्रिका’ असं छापलेलं असतं. तुम्ही त्यावर काहीही लिहायचं नाही, एक रेघसुद्धा नाही. तो बंद लिफाफा मोठ्या लिफाफ्यात घालायचा आणि मोठ्याच्या पाठीवर सही, तारीख, पत्ता. मोठा लिफाफा सांगतो मत कुणी दिलं, आतला लिफाफा लपवतो कुणाला दिलं. आतला विसरलात तर त्या मतपत्रिकेला इथे नेकेड बॅलट, म्हणजे उघडी मतपत्रिका, म्हणतात, आणि ती गेली. फिलाडेल्फियाच्या निवडणूक आयुक्त लिसा डीली यांनी जाहीर इशारा दिला होता की यामुळे राज्यात १ लाखापर्यंत मतं फुकट जाऊ शकतात. मी वृद्धनिवासातल्या नोटीसबोर्डावर मोठ्या अक्षरांत दोन लिफाफ्यांचं चित्र काढून लावलं. दोन्ही पक्षांच्या लोकांना ते उपयोगी पडलं, याचं मला समाधान आहे.

माझी स्वतःची मतपत्रिका सप्टेंबरअखेर रवाना झाल्याचं वेबसाइटवर दिसत होतं, पण घरच्या टपालपेटीत येईना. निवडणूक कार्यालयाला फोन केला की पाऊण तास संगीत ऐकायचं आणि मग लाइन कट. चौथ्या खेपेला एक बाई भेटल्या, त्यांचा आवाज बसला होता. आणखी चार दिवस थांबा म्हणाल्या. १२ ऑक्टोबरला लिफाफा आला.

स्वयंपाकघरातलं टेबल पुसून कोरडं केलं, मुलीला पाण्याचा ग्लास घेऊन जवळ येऊ दिलं नाही. चिन्हं नाहीत! ना हात, ना कमळ, ना घड्याळ, नुसती नावं आणि बाजूला लंबगोल, तो काळ्या पेनानं पूर्ण भरायचा. एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देण्याची जुनी सोय त्याच २०१९ च्या कायद्यानं गेलेली. त्यामुळे राज्याचे ॲटर्नी जनरल, ऑडिटर जनरल, खजिनदार, सगळ्यांचा वेगळा विचार करावा लागला. दोन संध्याकाळी वाचण्यात गेल्या. अध्यक्षपदासाठी मी बायडनना मत दिलं. बाकीची सगळी एकाच पक्षाला दिली नाहीत.

टपालखात्याबद्दल उन्हाळाभर ज्या बातम्या येत होत्या, टपाल वर्गवारीची यंत्रं काढून टाकल्याच्या, त्या वाचून मी ठरवलं की स्वतः ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे टपाली मतपत्रिका गोळा करायच्या सरकारी पेटीत, टाकायची. शनिवारी सकाळी ग्रंथालयासमोर गेले. हातात माझा आणि नवऱ्याचा असे दोन लिफाफे. पेटीजवळच्या सुरक्षारक्षकानं नम्रपणे विचारलं, दोन्ही तुमचेच का? नाही म्हटल्यावर म्हणाला, इथे ज्याचं त्यानंच टाकायचं, नवऱ्याचंसुद्धा चालत नाही. मी माझा टाकला. नवरा तासाभरानं धावण्याच्या कपड्यांतच येऊन त्याचा टाकून गेला. टपाली मतदानात कुणीही कुणाची मतं गठ्ठ्यानं आणून टाकतो, असं टीव्हीवर रोज ऐकणाऱ्या प्रत्येकाला मला तो रक्षक दाखवावासा वाटतो.

आणि माझ्याकडच्या आजी. मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणायचे. वय ९३. पहिलं मत १९४८ साली, तेव्हापासून एकही निवडणूक चुकली नाही, आणि कायम रिपब्लिकन. उन्हाळ्यात झटका आला आणि उजवा हात गेला. आल्या दिवशीच मला म्हणाल्या, मला चमचा नंतर शिकव, नोव्हेंबरच्या आधी सही करता आली पाहिजे. कुणाला मत देणार तेही सांगितलं. मी मास्कच्या आत ओठ आवळले.

आठ आठवडे आम्ही तेवढंच केलं. बोटांच्या व्यायामाचा तो हिरवा मऊ गोळा दाबायचा, मग जाड केलेलं पेन धरायचं, मग कागदावर लंबगोल. मी वहीभर लंबगोल काढून देत असे आणि त्या एकेक भरत. बाहेर गेलं की नवीन. मदतनीस घेऊन मत देता येतं हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, येतं माहीत आहे, घ्यायचा नाही. मतपत्रिका भरली त्या दिवशी मी पाठ फिरवून खिडकीकडे उभी राहिले. पाच लंबगोलांना वीस मिनिटं लागली. घडी घालून आतला लिफाफा, मग बाहेरचा. सही मात्र त्यांच्या जुन्या सहीसारखी कुठून येणार? शेवटचं अक्षर खाली घसरलं होतं. सही जुळली नाही म्हणून बाद करतील का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. नेमक्या त्याच आठवड्यात, २३ ऑक्टोबरला, राज्याच्या न्यायालयानं निकाल दिला की फक्त सही जुळत नाही म्हणून टपाली मत बाद करता येणार नाही. मी बातमी छापून नेली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, आणि सोमवारी लिफाफा टपालात गेला.

३ नोव्हेंबरच्या रात्री आईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ. “बोट दाखव बघू, शाई लागली का?” शाई नसते म्हटल्यावर तिला ते मतदान खरं वाटेना. मग मी तिला लिफाफ्यांचं सांगत बसले. टीव्हीवर पेनसिल्व्हेनियात ट्रम्प ६ लाखांहून जास्त मतांनी पुढे दिसत होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांनी विजय जाहीर करून टाकला. गुरुवारी तर मोजणी थांबवा म्हणाले.

मला सगळ्यात जास्त चीड याची आली. मोजणीला वेळ का लागत होता? कारण या राज्याच्या कायद्यानं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी टपाली लिफाफा उघडताच येत नाही. फ्लोरिडात आठवडे आधी काम सुरू होतं, म्हणून त्यांचा निकाल त्याच रात्री. आमच्याकडे २६ लाखांच्या आसपास टपाली मतं आणि प्रत्येकाला दोन-दोन लिफाफे. आधी उघडायची परवानगी द्या म्हणून काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, अधिकारी महिनोन्‌महिने मागे लागले होते. तेव्हा राज्यपाल डेमोक्रॅट, विधिमंडळ रिपब्लिकन; तीन दिवस आधी की तीन आठवडे आधी, त्याच्या जोडीला ड्रॉप बॉक्स बंद करायचे की नाही, यात घोळ घालून कुणीच काही केलं नाही. आणि मग त्याच उशिराकडे बोट दाखवून लबाडी म्हणायचं? ज्या गठ्ठ्यांना थांबवा म्हणत होते त्यांत माझा लिफाफा होता. आजींचाही होता.

शुक्रवारी सकाळी बायडन पुढे गेले, शनिवारी साडेअकराच्या सुमारास निकाल जाहीर झाला. शेवटचा फरक ८०,५५५ मतांचा. फिलाडेल्फियात लोक रस्त्यावर नाचत होते; मी गेले नाही, आमच्याकडे पुन्हा रुग्ण वाढायला लागले होते.

सोमवारी आजींच्या खोलीत गेले. टीव्ही बंद होता. निकालाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, मीही नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, “माझं मोजलं का?” मी फोनवर राज्याची वेबसाइट उघडली, त्यांचं नाव, जन्मतारीख, काउंटी घातली आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. मत नोंदवलं गेलं, असं तिथे होतं. तारीख ३० ऑक्टोबर. त्यांनी ती दोनदा वाचली. मग उजवा हात टेबलावर पुढे केला, आणि मी त्यात तो हिरवा गोळा ठेवला.